तेरा लाखांचा हिशोब

आजचा भाग पैशांवर आहे, आणि तोही दुसऱ्याच्या पैशांवर, म्हणजे कंटाळा यायचं कारण नाही.

१५ जानेवारी २०२६ ला आपण महापालिकेसाठी मतदान केलं, १६ ला निकाल लागला. ठाण्यात जवळजवळ नऊ वर्षांनी, कल्याण-डोंबिवलीत तर दहा वर्षांनी. बाळकुम नाक्यावरचे ‘मत द्या’वाले फ्लेक्स उतरले आणि त्याच बांबूंवर आभाराचे फ्लेक्स चढले. आपल्यासाठी निवडणूक तिथे संपली. उमेदवारांसाठी एक काम बाकी असतं. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येकाला, जिंकलेल्याला आणि पडलेल्यालाही, खर्चाचा हिशोब निवडणूक यंत्रणेकडे द्यावा लागतो. न दिल्यास राज्य निवडणूक आयोग त्याला तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

ठाण्यात एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती १३ लाख रुपये. कल्याण-डोंबिवलीत ११ लाख. मुंबई, पुणे, नागपूरला १५.

हा आकडा ऐकला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. मलाही हसू आलं होतं. पण हसण्याआधी जरा भागाकार करून बघू. ठाण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ४१ हजार. नगरसेवक १३१. प्रभाग ३३, त्यातले ३२ चार-चार जणांचे आणि एक तिघांचा. म्हणजे चौघांच्या एका प्रभागात साधारण ५६ हजार माणसं. पॅनेल एकत्रच फिरतं, एकच पत्रक, एकच रिक्षा, एकच रथ. चौघांची मर्यादा मिळून ५२ लाख. घरात चार माणसं धरली तर १४ हजार घरं, म्हणजे घरामागे साधारण ३७० रुपये. आता सांगा, एका घरापर्यंत आपलं नाव, चिन्ह आणि चार मुद्दे पोचवायला ३७० रुपये कमी आहेत का? अजिबात नाहीत. दोन पत्रकं, एक फेरी, थोडी फेसबुक-इन्स्टाची जाहिरात, कार्यकर्त्यांचा चहा-वडापाव आणि चार चौकसभा, सगळं यात आरामात बसतं.

म्हणजे मत *मागायला* हा पैसा पुरतो. तो कशाला पुरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोहल्ल्या-मोहल्ल्यात त्याला ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात.

तर कायदा नेमकं काय मोजतो? लोकसभा-विधानसभेसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्याचं कलम ७७. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च, दोन्ही दिवस धरून. त्याच्या आधीचा नाही, नंतरचा नाही. महापालिकेलाही साधारण तोच हिशोब. यंदा अर्ज भरायला २३ डिसेंबरपासून सुरुवात झाली, निकाल १६ जानेवारीला. फार तर साडेतीन आठवडे.

आणि आपल्याकडे राजकारण कधी चालतं? बारा महिने, पाच वर्षं, तेरा त्रिकाळ. दहीहंडी आपल्या ठाण्याची ओळख आहे; थरांना लाखांची बक्षिसं लागतात, सेलिब्रिटी येतात, वर मोठ्ठा फोटो कोणाचा असतो ते सांगायला नको. मग गणपतीत मंडळांना वर्गणी, नवरात्रात पासेस, दिवाळीत उटणं आणि रव्याचं पाकीट, संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण, जूनमध्ये वह्यावाटप, अधूनमधून अष्टविनायकाची बस. यातला एक रुपयाही कलम ७७ च्या चौकटीत येत नाही, कारण तेव्हा तो माणूस कायद्याच्या लेखी ‘उमेदवार’च नसतो. तो समाजसेवक असतो.

मी हे टोमणा म्हणून सांगत नाहीये. यातली बरीच माणसं खरंच रात्री दोन वाजता हॉस्पिटलात बेड मिळवून देतात. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ते अनुभवलंय. प्रश्न त्यांच्या मनाचा नाही, प्रश्न पैशाच्या उगमाचा आहे. नगरसेवकाला मानधन मिळतं ते दरमहा काही हजारांत. त्यात दहीहंडी बसत नाही. मग ती कोण भरतं? आणि भरणारा बदल्यात काय मागतो?

मर्यादा आली कुठून, ते थोडक्यात. इंग्लंडमध्ये १८८३ साली कायदा झाला. तिथे त्या काळी उमेदवार मतदारांना दारू-जेवण देऊन अक्षरशः विकत घेत असत, म्हणून खर्चाला टोपण लावलं. आपण तीच कल्पना उचलली. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक ठिकाणी २५ हजारांची मर्यादा होती. आज महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. आणि मर्यादा मोडणं हा नुसता हिशोबाचा घोळ नाही, कलम १२३ प्रमाणे तो भ्रष्ट आचार आहे, त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मला ती कधी सापडली नाही. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीतल्या सदर बाजार मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले. कंवरलाल गुप्ता हरले. गुप्ता कोर्टात गेले, म्हणाले यांनी मर्यादेपेक्षा जास्त खर्च केलाय. मर्यादा तेव्हा १० हजार होती. चावलांच्या बाजूने म्हणणं असं की, सभांचा खर्च मी कुठे केला, तो पक्षाने केला. ३ ऑक्टोबर १९७४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेला. कोर्ट म्हणालं, पक्षाने तुझ्यासाठी खर्च केला आणि तू तो करू दिलास, तर तो तुझाच खर्च. निवडणूक रद्द.

भगवतींनी मर्यादेमागचं कारण फार साध्या पद्धतीने मांडलं होतं. त्याचा मतितार्थ असा, की ज्याच्याकडे पैसा नाही त्यालाही उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर निवडणूक ही समान संधी राहत नाही. आणि दुसरं, निवडणुकीआधी घेतलेली देणगी ही निवडणुकीनंतर द्यायच्या वचनासारखी होते, आणि त्यात मरतो तो सामान्य माणूस.

हा निकाल ३ ऑक्टोबरचा. १९ ऑक्टोबरला, म्हणजे सोळा दिवसांत, सरकारने अध्यादेश काढला आणि कायद्यात एक स्पष्टीकरण घुसवलं की पक्षाने किंवा मित्रमंडळींनी केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही. पुढे त्याचा कायदा झाला. सोळा दिवस! आपल्याकडे साधा गतिरोधक मंजूर व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

ते भोक जवळजवळ तीस वर्षं उघडं राहिलं. २००३ मध्ये बरंचसं बुजवलं, पण पूर्ण नाही. आजही मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० ‘स्टार प्रचारकां’चा प्रवासखर्च, हेलिकॉप्टरसकट, उमेदवाराच्या खात्यात येत नाही. आणि पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादा आजही नाही. शून्य. उमेदवाराच्या पायात बेडी आणि पक्षाला मोकळं रान.

मग बेडी घातलेला माणूस काय करतो? खोटं लिहितो. हे मी म्हणत नाही, गोपीनाथ मुंडे म्हणाले होते, जाहीरपणे. जून २०१३, मुंबईत एका पुस्तकाच्या प्रकाशनाला ते बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला माझे ८ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, मग स्पष्टीकरणं झाली. २०१४ ला ते बीडमधून पुन्हा निवडून आले. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या कोणाला धक्का बसला असेल असं मला वाटत नाही. धक्का एवढाच की माणूस माईकसमोर बोलला.

त्याच वर्षातलं, २००९ चं, दुसरं प्रकरण नांदेडचं. विधानसभा निवडणूक, मतदारसंघ भोकर, उमेदवार तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण. राज्यातल्या वेगवेगळ्या मोठ्या वर्तमानपत्रांत त्यांचं कौतुक करणारी पानंच्या पानं आली, ‘अशोकपर्व’ अशा मथळ्याखाली, काही मजकूर तर वेगवेगळ्या पेपरांत शब्दाला शब्द सारखा. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. आणि खर्चाच्या हिशोबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसमोर आकडा होता ५,३७९ रुपये. हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. चव्हाणांचं म्हणणं असं होतं की आयोगाने हिशोब *वेळेत* आला का एवढंच बघावं, तो खरा आहे का हे तपासण्याचा त्याला अधिकार नाही. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आहे अधिकार. जुलैमध्ये आयोगाने हिशोब नीट दिला नाही असा निष्कर्ष काढला. सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. पाच वर्षं गेली यात. एका विधानसभेची मुदत संपते तेवढी.

पण यातून एक गोष्ट पदरात पडली. हिशोब खरा आहे का, हे विचारता येतं. हे लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

आता देणाऱ्यांकडे येऊ. इथे मुंबईचं एक जुनं प्रकरण आहे, १९५७ चं. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या, त्यासाठी कंपनीच्या घटनापत्रात बदल हवा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. प्रकरण मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर. छागलांनी परवानगी दिली, कारण कायद्यात अडवण्यासारखं काही नव्हतं. पण निकालात त्यांनी बजावून ठेवलं की उद्योगांचा पैसा राजकारणात शिरला तर तो धोका वाढत जाऊन लोकशाहीचाच गळा आवळू शकतो, संसदेने याकडे बघावं. देशात दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुका होत होत्या तेव्हाची ही गोष्ट. इतक्या लवकर त्यांना ते दिसलं होतं.

संसदेने बघितलं खरं, पण कसं? १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी. पैसा थांबला नाही, फक्त चेकचा रोख झाला. १९८५ मध्ये बंदी उठवली, नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत परवानगी. २०१३ मध्ये साडेसात टक्के. २०१७ मध्ये ही टक्क्यांची मर्यादाही काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा वाटेल तेवढं देऊ शकेल, आणि कोणाला दिलं ते ताळेबंदात सांगायची गरज नाही. मग २०१८ ला आले निवडणूक रोखे, इलेक्टोरल बाँड. स्टेट बँकेत जायचं, हजारापासून कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा. देणारा कोण हे तुम्हा-आम्हाला कळणार नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा अधिकार आहे, आणि पक्षाला पैसा कोण देतं ही मत ठरवण्यासाठी लागणारी माहिती आहे, असा त्याचा गाभा. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या.

त्या यादीत दुसऱ्या क्रमांकाची खरेदीदार होती हैदराबादची मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटींचे रोखे. हे नाव ठाणेकरांना का लक्षात राहावं? कारण ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं हजारो कोटींचं काम २०२३ मध्ये याच कंपनीला मिळालं. आपल्या बाळकुमपासून काही किलोमीटरवर, मानपाड्याच्या टिकुजिनीवाडीपाशी त्या बोगद्याचं तोंड आहे. आता इथे मी मुद्दाम थांबते. रोखे घेतले म्हणून काम मिळालं, असं कुठल्याही कोर्टात सिद्ध झालेलं नाही. कंपनीचे रोखे एकाहून अधिक पक्षांकडे गेले. रोख्यांच्या देवघेवीची एसआयटी चौकशी करा ही मागणी सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं ‘एवढे दिले, तेवढं मिळालं’ असं मी म्हणणार नाही.

मी एवढंच म्हणते की २०२३ मध्ये, काम दिलं गेलं तेव्हा, हा प्रश्न विचारायची *सोयच* आपल्याला नव्हती. बोगदा आपल्या डोंगराखालून जातोय, पैसा आपल्या कराचा आहे, आणि ठेकेदार कोणत्या पक्षाचा देणगीदार आहे हे कायद्यानेच झाकून ठेवलं होतं. माहिती असती आणि सगळं स्वच्छ निघालं असतं, तर कंपनीचंही भलंच झालं असतं.

आणि ही गोष्ट दिल्लीपुरती नाही. ‘टक्केवारी’ हा शब्द आपण ठाणेकर शाळेत गुणांसाठी शिकतो आणि मोठे झालो की महापालिकेसाठी वापरतो. १९९० च्या दशकात ठाणे महापालिकेतल्या कामांमधल्या टक्केवारीच्या आरोपांवर नंदलाल समिती बसली होती. तुमच्या आईबाबांना विचारा, नाव लगेच आठवेल. आज आपल्या आजूबाजूला बघा, मेट्रोचे खांब, बाळकुम ते गायमुख खाडीकिनारा रस्ता, गावठाणाला खेटून उभे राहिलेले टॉवर. जिथे एका सहीने जमिनीची किंमत बदलते, तिथे निवडणुकीत पैसा ओतणं हा काही जणांसाठी खर्च नसतोच, ती गुंतवणूक असते.

मग प्रतिनिधित्व म्हणजे काय उरतं? १७७४ मध्ये एडमंड बर्क ब्रिस्टलच्या मतदारांना म्हणाला होता की मी तुमचा निरोप्या नाही, मी माझी बुद्धी वापरणार. त्यावर आजतागायत वाद चालू आहे, प्रतिनिधीने लोकांचं ऐकायचं की स्वतःच्या विवेकाचं. मला गंमत वाटते. आपल्याकडे हा वाद सुरूच होत नाही, कारण तिसराच माणूस खोलीत बसलेला असतो, ज्याने मंडपाचं बिल भरलंय. तो ना मतदार, ना प्रतिनिधीचा विवेक.

आणि हे झालं निवडून आल्यावरचं. त्याच्या आधीचं नुकसान मला जास्त मोठं वाटतं. उभंच कोण राहू शकतं? आपल्या पाड्यावरची एखादी अंगणवाडी सेविका, एखादा रिक्षावाला, बाळकुमच्या कोळीवाड्यातली एखादी मासे विकणारी बाई, जिला खाडीचं काय झालंय हे सगळ्या इंजिनीअरांपेक्षा जास्त कळतं. कायद्याने तिला कोणी अडवत नाही. पण तिकीट मागायला गेली की पहिला प्रश्न येतो, ‘ताई, किती लावू शकाल?’ बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलं होतं की राजकारणात आपण एक माणूस एक मत एक मूल्य मानणार, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता तशीच असणार. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच उडेल. मत देण्यापुरती आपली समानता आली. मत *मागण्याची* समानता कुठे आली?

यंदा तर मत देण्याचीही वेळ आली नाही काही ठिकाणी. कल्याण-डोंबिवलीत १२२ पैकी वीसच्या आसपास जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या. विरोधकांनी आरोप केले की माघार घेण्यासाठी पैसा आणि दबाव वापरला. जिंकलेल्यांनी ते नाकारले. आयोगाने अहवाल मागवले. खरं-खोटं ठरवणारी मी कोण? पण दहा वर्षांनी मतदानाची संधी आलेल्या माणसाच्या बोटाला शाई लागली नाही, ही वस्तुस्थिती आहे. विचित्र म्हणजे आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच ठरवलंय की स्थानिक निवडणुकीत ‘नोटा’ला सगळ्यात जास्त मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायची. म्हणजे एका उमेदवाराविरुद्धही नोटा लढू शकतो. पण बिनविरोध झालं की यंत्रच येत नाही, मग नोटा दाबणार कुठे?

आता माझा एक मित्र आहे, पक्का गाववाला, मी हे बोलायला लागले की चिडतो. म्हणतो, “अगं, जो खर्च करतो तोच कामं करतो. तुझा तो प्रामाणिक, फाटका उमेदवार निवडून आला तरी त्याला वॉर्ड ऑफिसात कोण विचारतो?” त्याच्या बोलण्यात दम आहे. आणखी एक मुद्दा तो मांडत नाही पण मी मांडते: मर्यादा फार कमी ठेवली तर आधीपासून सत्तेत असलेल्याचाच फायदा. त्याचं नाव सगळ्या बागेच्या बाकांवर आणि बसस्टॉपवर पाच वर्षं फुकट लिहिलेलं असतं. नव्या माणसाला ओळख करून द्यायलाच पैसा लागतो.

म्हणून माझं मत हळूहळू असं झालंय की किती खर्च केला यावर आपण उगाच जास्त जोर देतो. १३ लाख की २० लाख, यावर भांडण्यात अर्थ नाही. कोणाकडून घेतले, हा प्रश्न मोठा आहे. आजही पक्षाला २० हजारांपर्यंतची देणगी देणाऱ्याचं नाव आयोगाला कळवावं लागत नाही. रोखीत २ हजारांहून जास्त घ्यायचे नाहीत, हे खरं, पण दोन-दोन हजारांच्या पावत्या किती फाडल्या हे कोण मोजणार? सरकारने निवडणूक खर्च उचलावा हा उपाय १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीने मर्यादित स्वरूपात, म्हणजे रोख नव्हे तर वस्तू-सोयींच्या रूपात सुचवला होता. मला तो पुरेसा पटत नाही. सरकारी पैसा वरून मिळेल आणि काळा पैसा खालून चालूच राहील.

आणि आता जरा आपल्याकडे. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डिसेंबरात काय मेसेज आले आठवा. ‘अमुक साहेब पेव्हर ब्लॉक करून देतायत’, ‘तमुक साहेब सीसीटीव्ही लावतायत, आपण एकगठ्ठा पाठिंबा देऊ’. झोपडपट्टीतल्या बाईने पाचशेची नोट घेतली की आपण टॉवरच्या बाल्कनीतून नाक मुरडतो, आणि आपली सोसायटी लाखांचं रंगकाम घेते त्याला ‘विकास’ म्हणतो. कायद्यात हा फरक नाही. भारतीय न्याय संहितेत निवडणुकीतली लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, एक वर्षापर्यंत कैद. त्या पाचशेच्या नोटेमागे निदान गरज असते.

बरं, करायचं काय? एकच गोष्ट सांगते, कारण ती आपल्या हातात आहे. हे हिशोब गुप्त नसतात. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचा खर्चाचा हिशोब कोणीही मतदार बघू शकतो. १९६१ च्या नियमांत त्यासाठी फी लिहिलीय ती चक्क एक रुपया. त्याच कागदात पैसे कुठून आले याचाही तक्ता असतो: स्वतःचे किती, पक्षाचे किती, इतरांचे किती. महापालिकेसाठी निवडणूक विभागाकडे अर्ज करा, दिला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा.

मिळाला की बघायचं काय? तीन आकडे काढा. मंडप-खुर्च्या-साउंड, गाड्या, आणि सोशल मीडिया. मग तुमच्या फोनची गॅलरी उघडा, डिसेंबर-जानेवारीची. तुम्ही काढलेले रॅलीचे व्हिडिओ, स्टेटसला ठेवलेले फोटो, सगळ्यांवर तारीख-वेळ आहे. रॅलीत गाड्या किती होत्या ते मोजा आणि हिशोबात किती लिहिल्यात ते बघा. निवडणूक यंत्रणेचं स्वतःचं दरपत्रक असतं, खुर्चीपासून वडापावपर्यंत, त्यानुसार गुणाकार करा. फरक मोठा निघाला तर तो कागद आणि तो व्हिडिओ, दोन्ही जोडून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्ट काय म्हणालं ते मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते इथे वापरायचं. आणि ज्याला मत दिलंत त्याचाही कागद मागा, नुसता पडलेल्याचा किंवा विरोधकाचा नको.

मी आमच्या प्रभागातल्या चारही विजयी उमेदवारांच्या हिशोबासाठी अर्ज केलाय. पोच मिळालीय, कागद अजून यायचेत. आले की एका भागात ते ओळीने वाचू, जसे आहेत तसे.